काठीचा कौल

वाल्पेन घराण्याने दिलेला शब्द आजवर कधी मोडलेला नाही. माणसांना दिलेल्या शब्दांचं सोडा, ते बरेच मोडले. चौथ्या पिढीतल्या आल्बीनने तर एका हिवाळ्यात तीन मुलींना दिलेले तीन शब्द मोडले होते. पण देवाला दिलेला शब्द त्यांनी तीनशे चाळीस वर्षं पाळला, आणि सगळी पंचाईत त्यातूनच झाली.

शब्द असा होता. त्या काळी हिमनदी खाली सरकत सरकत गावाच्या कुरणांवर आली होती. दोन गोठे तिने गिळले, तिसऱ्याच्या दाराशी येऊन बसली. मग गावाने नवस बोलला: प्रभू, हिला मागे हटव. आम्ही दर एकतीस जुलैला पहाटे उपाशीपोटी चालत येऊन तुझी प्रार्थना करू, त्या दिवशी दुकान उघडणार नाही, नाचणार नाही, मांस खाणार नाही, आणि आमच्या बायका लाल कपडा अंगाला लावणार नाहीत. लाल कपड्याचा आणि बर्फाचा संबंध काय, हे ज्यांना माहीत होतं ते सांगायचं विसरून मेले. प्रार्थनेची पहिली ओळ म्हणायचा मान वाल्पेनांचा.

देवाने ऐकलं. जरा उशिरा ऐकलं, पण मग असं मनावर घेतलं की बर्फाच्या काठाशी म्हणून बांधलेल्या छोट्या चॅपेलपासून बर्फ गाठायला आता दीड तास चढावं लागतं. मधल्या काळात वाल्पेनांनी त्याच हिमनदीच्या पोटात लेणं खोदलं, आत निळे दिवे लावले आणि बाहेर तिकीट लावलं. हे मात्र त्यांनी देवाला कळवलं नाही.

त्यामुळे याही वर्षी पहाटे पाच वाजता चौऱ्याऐंशी वर्षांच्या क्रेसेन्झबाईंनी काठीचा आधार सोडून, ताठ उभं राहून, "प्रभू, या बर्फाला मागे हटव," असं खणखणीत आवाजात म्हटलं. आणि त्यांच्या थोरल्या मुलाने, ओदिलोने, टोपी छातीशी धरून "आमेन" म्हटलं. आमेन म्हणून झाल्यावर त्याने मान वर करून पाहिलं: लेण्यावर अंथरलेल्या गोधड्यांचं टोक वाऱ्याने उडालं तर नाही ना.

गोधड्या म्हणजे पांढऱ्या जाड कापडाचे तागे. दर जूनमध्ये ओदिलो ते शिवून, दोरांनी आवळून बर्फावर पसरायचा. पांघरुणाखाली बर्फ निम्माच वितळतो. अठ्ठावन्न वर्षांच्या त्या माणसाने स्वतःच्या मुलीला लहानपणी इतक्या वेळा पांघरूण घातलं नसेल. दर वसंतात लेणं नव्याने खोदायचं, कारण बर्फ जागचा हलतो. ते काम तो हाताने करायचा, पणजोबाच्या कुदळीने. दांडा चौथा होता आणि पातं दुसरं, पण कुदळ पणजोबाची.

*

नवसाचं जेवण नेहमीप्रमाणे रेमीच्या हॉटेलात होतं. रेमी हा ओदिलोचा धाकटा भाऊ. रेमीगियुस या पूर्ण नावाने त्याला फक्त आई हाक मारायची, तीही रागावल्यावर, त्यामुळे ते नाव चांगलंच वापरात होतं. आजोबांनी हॉटेल बांधलं तेव्हा गॅलरीपासून बर्फ तीस पावलांवर होता. आता वीस मिनिटांवर आहे. हॉटेलचं नाव 'बर्फाचा काठ' हेच राहिलं, कारण ते दगडात कोरलं होतं.

मांस चालत नाही म्हणून बटाटे आणि चीज. चीजचं अर्धं चाक निखाऱ्यांसमोर धरायचं, तोंडाशी वितळलेला थर सुरीने खरवडून ताटात लोटायचा. हे काम ओदिलोचं. या घरात वितळण्यावरून भांडण होत नसे ते एवढ्या एकाच बाबतीत.

टेबलाच्या मधोमध मिठाच्या भांड्याखाली दोन कागद दाबून ठेवले होते. एक ओदिलोचा: दहा वर्षं पुरतील अशा नव्या गोधड्यांची मागणी. दुसरा रेमीचा: बर्फ गेल्यावर जो खळगा उरेल त्यात वीज कंपनीने धरण बांधून तलाव करावा, याला संमती. जागा गावाची, पण भाडेपट्टा क्रेसेन्झबाईंच्या नावावर. एका कागदावर सही झाली की दुसरा चुलीत. कंपनीचा माणूस सोमवारी येणार होता, आणि आज शनिवार होता. ओदिलोने रात्रभर विचार केला होता की आईला काय सांगायचं. सकाळपर्यंत त्याच्याकडे एकच वाक्य जमलं: "मला दुसरं काही येत नाही." ते वाक्य चीजबरोबर वाढण्यासारखं नव्हतं, म्हणून तो गप्प होता.

तेवढ्यात बहीण आली. लिओन्टिन खालच्या खोऱ्यात द्राक्षवाल्यांकडे दिलेली, आणि आता प्रांताच्या सभेत निवडून गेलेली. हवामानाशी जुळवून घेण्यासाठी जी समिती नेमली होती तिची ती अध्यक्ष. समिती जुळवून घेत होती की नाही ठाऊक नाही, पण लिओन्टिनच्या नवऱ्याचे द्राक्षमळे पंधरा वर्षांत डोंगरावर पाच वळणं वर चढले होते आणि त्यांच्या पांढऱ्या वाइनला आता बक्षिसं मिळत होती.

"ते जाकीट काढ," आई तिच्याकडे न बघता म्हणाली.

"आई, हे नारिंगी आहे."

"मला मोतीबिंदू झालाय. आंधळी नाही झाले."

लिओन्टिनने जाकीट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलं. आईने ते घडी करून, अस्तर वर येईल असं ठेवलं.

"येताना केवढी गर्दी गं घाटात," लिओन्टिन म्हणाली. "सगळे आपले गाड्या घेऊन बर्फ बघायला निघालेत. संपायच्या आत."

"तू कशाने आलीस?" रेमीने विचारलं.

"माझी गाडी समितीची आहे."

"हां, मग तिचा धूर वेगळा."

फादर औसेफ हसले आणि लगेच हसू नॅपकिनने पुसलं. फादर केरळातले, कुट्टनाडचे. इथल्या पोरांना पाद्री व्हायचं नव्हतं म्हणून बिशपने ते तिकडून मागवले होते, आणि नऊ वर्षांत त्यांनी इथली बोली, चीज आणि भांडणं तिन्ही पचवली होती. जुलैमध्येही ते एकावर एक दोन लोकरी मोजे घालत.

"फादर, पत्र वाचा," क्रेसेन्झबाई म्हणाल्या. "चीज थंड झालं तरी चालेल, वाचा."

पत्र बिशपच्या कचेरीतून आलं होतं. सहा वर्षांपूर्वी गावाने अर्ज केला होता की प्रार्थना बदलून मिळावी: 'मागे हटव' याऐवजी 'पुढे येऊ दे'. अर्ज रोमला गेला. रोमने विचार केला. फादरनी घसा साफ केला.

"लिहिलंय की विनंती आदरपूर्वक वाचण्यात आली. पण नवस हा देव आणि नवस करणारे यांच्यातला मामला आहे. ज्यांनी केला त्यांच्या वंशातल्या ज्येष्ठ व्यक्तीने मागणी केल्यास... म्हणजे, क्रेसेन्झबाई, ते तुम्हालाच विचारतायत."

"सहा वर्षं लागली हे विचारायला?"

"रोमच्या मानाने घाईच झाली."

"मग सांग ना आई, हो म्हणून!" ओदिलो पहिल्यांदाच बोलला. सुरी हातात तशीच. "एका ओळीचा तर प्रश्न आहे."

क्रेसेन्झबाईंनी काटा खाली ठेवला. "काय सांगू? कोणत्या तोंडाने सांगू? तीनशे चाळीस वर्षं दर साली हात जोडून मागितलं. त्याने दिलं. आता जाऊन म्हणू, प्रभू, केलंस ते छान केलंस, पण आमची तिकीट-खिडकी बंद पडायला आली, तेवढं परत घे?" त्यांनी पत्राची घडी घातली. "देवाचं काही चुकलेलं नाही. त्याला सांगितलं तेवढं त्याने केलं. पुरे कुणी म्हणायचं होतं? आपण. तुझ्या आजोबांनी म्हणायला हवं होतं. ते गॅलरीत बसून तिकिटं फाडत होते."

ओदिलोने सगळ्यांना आणखी थोडं चीज वाढलं.

*

"बरं," क्रेसेन्झबाई नातीकडे वळल्या. "आता तुझा देव काय म्हणतो ते सांग."

अन्निना ही ओदिलोची मुलगी. हिमनद्यांचा अभ्यास करायची. म्हणजे बाप जी गोष्ट झाकून ठेवायचा ती उघडी करून मोजायची. आपल्या संगणकाला आजी देव म्हणते याला तिने हरकत घेणं सोडून दिलं होतं. तिने तीन बटाटे समोर ओढले.

"तीन शक्यता आहेत, आजी. हा पहिला, हिरवा. जगाने शहाणपण केलं, धूर झपाट्याने कमी केला, तर लेण्याच्या जागी सन दोन हजार पंचावन्नपर्यंत बर्फ राहील. हा पिवळा. सगळे बोलतात तेवढं नाही, पण निम्मंअर्धं करतात: चव्वेचाळीस. आणि हा लाल. आत्ता चाललंय तसंच चाललं, तर छत्तीस."

"आज लाल नको," क्रेसेन्झबाई म्हणाल्या.

"आजी, रंग फक्त ओळखायला दिलेत."

"मग जांभळा द्यायचास."

"मला लालच पटतो," रेमी पुढे सरकला. "आई, सत्याला सामोरं जायला हवं. दोन हजार छत्तीस म्हणजे आलंच. खळगा रिकामा होणार, पाणी साचणार, ते फुकट वाहून द्यायचं का? तलावातून वीज. स्वच्छ वीज! धूर नाही, काही नाही. ओदिलोच्या गोधड्या टाकायला तर हेलिकॉप्टर येतं."

"दोनदाच येतं," ओदिलो म्हणाला.

"उतरवायलाही येतं, म्हणजे चारदा. आणि त्या गोधड्यांचे धागे ओढ्यात येतात. परवा एका पाहुण्याच्या ट्राउट माशात सापडले."

"काका," अन्निना शांतपणे म्हणाली, "तुमच्या हॉटेलच्या पत्रकात तर लिहिलंय, 'पिढ्यान् पिढ्या टिकणारा बर्फ'."

"ते पाहुण्यांसाठी."

"आणि गेल्या वर्षी विमा कंपनीच्या माणसाला तुम्ही माझा हिरवा आलेख दाखवलात. माझं नाव सांगून."

"विमावाल्याला लाल दाखवतात का कुणी? तू शिकलीस खूप, पण धंदा नाही कळला तुला. आणि गाड्या-हेलिकॉप्टर मोजताना हेही मोज, की बर्फ वितळतोय हे सांगायला तू मार्चमध्ये विमानाने चिलीला गेली होतीस. ते फोनवर सांगता आलं नसतं?"

हा टोला दर जेवणाला बसायचा आणि दर जेवणाला लागायचा.

लिओन्टिनने पिवळा बटाटा आपल्याकडे घेतला. "हे बघा, टोकाला जाऊ नका कुणी. आमच्या समितीने मधली शक्यता धरूनच आराखडा केलाय. एक झुलता पूल, पलीकडे माहिती केंद्र, आणि आत एका मोठ्या काचेच्या खोलीत थोडा बर्फ, यंत्रावर थंड ठेवलेला. म्हणजे पुढच्या पिढीला कळेल काय होतं ते. तोपर्यंत दोन्ही कागद समितीकडे द्या. आम्ही अभ्यास करू."

"किती वर्षं?" ओदिलोने विचारलं.

"घाई कशाला करायची?"

"पिवळाच का पण?"

"मधला आहे म्हणून. मधल्याला मतं पडतात."

"आत्या, ही काही जेवणाची यादी नाही," अन्निनाला राहवलं नाही. "आवडेल ते मागवा, असं नसतं. तुम्ही काय करता त्यावर कुठली शक्यता येते ते ठरतं. असं केलं तर असं होईल, तसं केलं तर तसं. तुम्ही करायचं सोडून निवडताय!"

"निवडायचं नव्हतं तर तीन कशाला सांगितल्यास?" रेमी म्हणाला, आणि लाल बटाट्यावर मीठ टाकून तो खाऊन टाकला.

ओदिलोला हिरवा हवा होता. जगाच्या शहाणपणावर त्याचा भरवसा होता असं नाही. रेमीला पाहुण्यांशी बोलताना ऐकणाऱ्या माणसाचा तसा भरवसा बसत नाही. पण पंचावन्नपर्यंत बर्फ राहिला तर तो स्वतः आधी मेला असता, आणि ते त्याला सोयीचं होतं. पणजोबा, आजोबा, बाप, तिघंही लेणं चालू असताना गेले. लेणं बंद करणारा वाल्पेन म्हणून भिंतीवरच्या फोटोंत चौथा आपण, हे त्याला नको होतं. यापलीकडे त्याचं भविष्याशी काही भांडण नव्हतं.

"फादर, तुमच्याकडे काय करतात?" लिओन्टिनने सभेतल्या सवयीने विचारलं. "तुमचं गाव पण म्हणे पाण्याखाली आहे."

"पाण्याखाली नव्हतं. समुद्रापेक्षा खाली होतं, पण कोरडं होतं. बांध घालून भात करायचो." फादरनी बटाटा सोलायला घेतला. "माझ्या भावाने घराचा उंबरा तीनदा उंच केला. मग मागल्या वर्षी सगळं घरच खालून जॅक लावून उचललं. आता स्वयंपाकघरात जायला शिडी आहे. आई म्हणते, म्हातारपणी स्वर्गाच्या जवळ आले."

"म्हणजे तुमच्याकडे कुठली शक्यता धरलीय?"

"आमच्याकडे तीन नाहीत, बाई. दोनच. भरती आणि ओहोटी."

मग रेमीने सगळ्यांच्या पेल्यात वाइन ओतली आणि म्हणाला, "बघा, तिथेसुद्धा माणसं जुळवून घेतातच की."

फादर त्याच्याकडे बघत राहिले. बटाटा त्यांनी खाली ठेवला. नऊ वर्षांत त्यांनी या टेबलावर पहिल्यांदाच अन्न टाकलं, पण ते फक्त ओदिलोला दिसलं.

*

"अन्निना," क्रेसेन्झबाईंनी विचारलं, "ती तुझी काठी कुठेय?"

काठी म्हणजे अन्निनाने मे महिन्यात गोधड्यांच्या कडेला, उघड्या बर्फात खोल भोक पाडून घातलेला सहा मीटरचा दांडा. घातला तेव्हा फक्त टोक वर होतं. बर्फ जसा खाली बसेल तशी काठी उघडी पडणार. तिच्यावर वरून खाली तिन्ही शक्यतांचे पट्टे रंगवले होते: हिरवा, पिवळा, आणि अगदी बुडाशी लाल. त्या जागी खाली पंचवीस मीटर बर्फ असावा, असं अन्निनाचं यंत्र सांगत होतं. खडक वरखाली असतो म्हणून 'असावा'.

"आहे तिथेच आहे. जेवण झालं की बघायलाच जाणार होते."

"मग आता सगळे जा. सध्या कुठल्या पट्ट्यापर्यंत उघडी पडलीय ते बघून मला फोन करा. हिरवा असेल तर ओदिलोच्या कागदावर सही. लाल असेल तर रेमीच्या. पिवळा असेल तर दोन्ही घेऊन लिओन्टिन जाईल, आणि तिची समिती माझ्या पश्चात अभ्यास करील."

"आजी, तो पट्टा सप्टेंबरअखेर वाचायचा असतो! आत्ता जुलै आहे. दोन महिने वितळायचे आहेत अजून. आणि एका वर्षाच्या काठीवरून पुढचं..."

"सप्टेंबरात मी असेन की नाही, हे तुझ्या यंत्रात दिसतं का?"

"नाही."

"मग आज बघ."

"हे बरोबर नाही," रेमी उठला. "जुलैमध्ये हिरवाच असणार. ओदिलोला आयतं मिळालं!"

"तूच म्हणालास ना, आलंच म्हणून?"

"आलंच म्हणजे... हळूहळू आलंच." त्याने बहिणीकडे पाहिलं. अर्ध्या तासापूर्वी तिच्या गाडीच्या धुराला हसणारा रेमी आता तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. "लिओन्टिन, तुझी समिती धरणाचा विचार करील ना पण?"

"नक्की करील. पुलाबरोबरच."

"मग आई, मी पिवळ्याला पण तयार आहे."

"रेमीगियुस, जा म्हटलं ना."

ओदिलोने आधीच बूट घातले होते. "मी जाऊन येतो पटकन, सगळ्यांनी कशाला—"

"एकट्याला नका सोडू!" भाऊ आणि बहीण एका सुरात ओरडले. "हा काठी खाली ठोकून येईल."

साक्षीला फादरना घेतलं. क्रेसेन्झबाई दोन कागद, चष्मा आणि पेन घेऊन टेबलाशी बसून राहिल्या. जाताना ओदिलोने मागे वळून पाहिलं. आई गोधड्यांचा कागद वाचत होती, बोट ओळीवर ठेवून, लहान मुलासारखं. त्याला वाटलं, आता सांगावं ते वाक्य. पण रेमी दारात उभा होता.

*

वीस मिनिटांची वाट, पण लिओन्टिनच्या चपला शहरी होत्या, त्यामुळे चाळीस लागली. उन्हाने दगड तापले होते. ओदिलो पुढे होता. जुलैमध्ये या वाटेवर पूर्वी तो हातमोजे घालून यायचा. आज त्याने सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या होत्या आणि ते त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्याने त्या पुन्हा खाली केल्या.

तिकीट-खिडकी नवसामुळे बंद होती. मागे गोधड्यांखालचा बर्फ उशीसारखा उंच उभा, आणि भोवतालचा इतका खाली गेलेला की लेण्याच्या तोंडाशी जाणाऱ्या लाकडी फळ्या हवेत लटकत होत्या. पहाटे चॅपेलपासून हे दिसत नव्हतं. पहाटे फक्त पांढरं दिसलं होतं, आणि त्याला तेवढं पुरलं होतं.

"कुठेय काठी?" रेमीने विचारलं.

अन्निनाने बोट दाखवलं.

काठी बर्फावर आडवी पडली होती. सगळी. हिरवा पट्टा, पिवळा पट्टा, लाल पट्टा, लालच्या खालचं टोकसुद्धा. तिच्याशेजारून पाण्याचा एक धागा खळखळत वाहत होता आणि काठी त्यात मधूनमधून हलत होती, झोपेत कुणी पाय हलवावा तशी.

"वारा असेल," लिओन्टिन म्हणाली.

"सहा मीटर बर्फात रोवलेली काठी वाऱ्याने नाही पडत, आत्या. रोवायला बर्फच उरला नाही की पडते."

"म्हणजे जिंकलं कोण?" रेमीने विचारलं. लगेच त्याने पुन्हा विचारलं, "नाही, म्हणजे आईला काय सांगायचं?"

फोन वाजलाच. रेमीने तो कानाला लावला, ऐकलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून भावाच्या हातात दिला.

"कुठला रंग?" आईचा आवाज आला.

"तिन्ही, आई."

"तिन्ही कसे असतील?"

"काठी पडलीय. पूर्ण बाहेर आलीय."

पलीकडे पेनचं टोपण लावल्याचा आवाज.

"मग ती मोडकी साक्ष झाली," क्रेसेन्झबाई म्हणाल्या. "नवी ठोका. दुसरी आणलीय ना पोरीने? नवीवर बघू, सप्टेंबरात. तोवर सही नाही. कुणाच्याच कागदावर नाही."

ओदिलोने फोन खाली केला. दोन महिने मिळाले होते. रेमीला ते दोन महिने कंपनीच्या माणसाला चहा पाजण्यात घालवता आले असते, लिओन्टिनला सभा घेण्यात. त्याला स्वतःला तेवढ्यात तागे शिवून ठेवता आले असते. दोन महिने ही काही वाईट शक्यता नव्हती. आणि मग त्याने ते वाक्य, जे टेबलावर सांगायचं राहिलं होतं, इथे, भलत्याच माणसांसमोर सांगून टाकलं:

"मला दुसरं काही येत नाही रे."

रेमीने खाली बघितलं. "माहितीय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात या वेळी टोमणा नव्हता, आणि तेच जास्त वाईट वाटलं.

"ठोकू या," ओदिलो म्हणाला. "पंचवीस मीटर म्हणाली होतीस ना. सहा गेला. एकोणीस राहिला."

"असावा, म्हणाले होते."

"मला आठ पुरे." लेणं खोदायला डोक्यावर आठ मीटर बर्फ लागतो, त्याहून कमी असेल तर छताचा भरवसा नाही. हे त्याला बापाने नवव्या वर्षी शिकवलं होतं, आणि बापाला आजोबांनी.

अन्निनाने तिकीट-खिडकीमागच्या पेटीतून वाफेचं गिरमिट काढलं. नव्या काठीवर तेच तीन पट्टे होते, रंग ताजा. फादरनी ती उभी धरली. पहाटेच्या मिरवणुकीत क्रूस धरला होता तशीच, सवयीने. लिओन्टिनने फोटो काढला, समितीसाठी. वाफ फुसफुसली, नळी बर्फात उतरू लागली आणि तिच्यावरच्या खुणा ओदिलो मोठ्याने मोजू लागला. एक मीटर. दोन. तीन.

चार मीटरवर खडक लागला.